नाताळ यंदा गावच्या घरी, सगळं खटलं एकत्र: तुमच्याकडे कसं जमवता?

अचलपूरची_लेक | १७ नोव्हेंबर

सर्वांना सलाम.

आमचं खटलं, म्हणजे कुटुंब, मोठं. मूळ घर अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यात. तिथं आजी, मोठे काका, मोठीआई आणि धाकटे काका-काकू. बाकीचे अमरावती, नागपूर, पुणे असे विखुरलेले. काही वर्षांपासून ज्याचा नाताळ त्याच्या घरी होतोय. चांदणी बाल्कनीत, केक दुकानातला आणि गावाकडे व्हिडिओ कॉल. यंदा मोठ्या काकांचा निरोप आला, "नाताळ घरीच होईल. सबब कोणी सांगू नये." सगळे यायला तयार झाले, याचा मला फार आनंद झालाय.

घर एकच असलं तरी सगळे एका मंडळीचे, म्हणजे एका चर्चचे, नाहीत. गावातली घरं अलायन्स या प्रोटेस्टंट चर्चची, नागपूरचे सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), एक वहिनी वसईची कॅथलिक. आतेबहीण महानुभाव पंथाच्या घरात दिलेली. तिच्या सासरी मांसाहार वर्ज्य, आणि तिच्या सासूबाईही येणार आहेत. चुलत बहिणीचे यजमान बौद्ध. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृतीचं दहन केलं, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्याकडे कार्यक्रम असतो आणि ते तो चुकवत नाहीत. चुकवूही नये.

मला एकच जपायचंय. आलेला माणूस पाहुणा म्हणून खुर्चीवर बसून राहायला नको. त्याच्या हाताला घरातलं काम असावं आणि पंगतीत त्याला घरच्यासारखं वाढलं जावं. ज्याला काम नाही त्याला दोन तासांत परकं वाटायला लागतं, हे मी लग्नाकार्यात पाहिलंय.

तुमच्याकडे मुक्काम, चुली, उपासना, खर्च कसं बसवता? सविस्तर लिहा, मी सगळं काकांना वाचून दाखवणार आहे.

मोर्शीवाला | १७ नोव्हेंबर

ताई, पयले वेचणीचं पाहा. डिसेंबर सरता सरता वेचणी जोरात राह्यते अन् मजूर तेव्हाच भेटत नाई. घरात एवढी माणसं आली का काका वावर सोडून अंगणात उभे राहतीन, कापूस बोंडात लोंबत राहीन. वरून अवकाळी आला तर कापूस पिवळा पडते, भाव जाते.

आमच्या घरी नेम हाये. २३ ले जे पोचले ते २४ ले वावरात. दव वाळल्याशिवाय कापूस वेचत नाई, ओला कापूस कोणी घेत नाई. म्हणजे सकाळ चांदणी बांधाले, येशूजन्माचा गोठा सजवाले मोकळी. दहा वाजता सगळ्यांच्या कमरेले ओटी बांधा अन् एकेका तासाले, म्हंजे ओळीले, एकेक जण धरा. शहरातली लेकरं पयल्या दिवशी पाचोळ्यासकट ओढतात, त्याईले शिकवाले आजी बांधावर बसवा. आमची माय बसते. लेकरू चुकलं का हाक मारते, "बाबू, बोंड नाई, फक्त रुई!"

पुण्या-मुंबईवाल्यांनं तिकीट काढलं का? आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे कधीचंच उघडलं. अमरावती एक्स्प्रेस नाई भेटली तर विदर्भ पाहा, बडनेऱ्याले उतरा.

अचलपूरची_लेक | १७ नोव्हेंबर

भाऊ, वेचणीचं माझ्या मनातच आलं नसतं. काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "हा माणूस आपल्यातला आहे." तिकिटं निघालीत, पुण्याचे दोघे मात्र वेटिंगवर.

जुना_यवतमाळकर | १८ नोव्हेंबर

पोरी, तुझं वाचून बरं वाटलं. थोडं मागचं सांगतो, कारण विदर्भातल्या ख्रिस्ती घरांत नातेवाईक हा शब्द वेगळ्या रीतीनं वाढलाय.

नागपूरला स्टीफन हिस्लॉप १८४५ ला आले, शाळा निघाल्या. तो एक प्रवाह. आपल्या वऱ्हाडात मात्र पुष्कळ घरांची सुरुवात दुष्काळातून झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं रस्त्यावर मेली. त्या वर्षांत अलायन्स मिशननं अनाथ लेकरं सांभाळली, मुलगे अकोल्याला, मुली खामगावला. माझे पणजोबा अकोल्याच्या त्या लेकरांतले, पणजी खामगावची. दोघांना ना गाव आठवे, ना आईबापाचं नाव. त्यांच्या लग्नाला मामा कोण उभा राहिला? सोबत वाढलेला मित्र. त्याची लेकरं आमच्या आजोबांची मामेभावंडं झाली आणि आजही आम्ही त्या घराला मामाचंच घर म्हणतो. रक्ताचा संबंध शून्य, पण नाताळची पहिली करंजी तिकडे जाते.

म्हणून सांगतो, तुझी महानुभाव विहीणबाई आणि बौद्ध जावई घरात कसे सामावतील याची चिंता करू नको. ज्यांना कोणी नव्हतं त्यांनी माणसं जोडत जोडत ही घरं उभी केली आहेत. आपल्या घरांना ते जमतं.

आमच्या लहानपणी अचलपूरकडची मंडळी नाताळला शकुंतला रेल्वेनं यायची. अचलपूरहून मूर्तिजापूर, तिथं गाडी बदलून यवतमाळ. अरुंद रूळ, गाडी इतकी हळू की पोरं उतरून पुन्हा चढत. स्टेशनवर आम्ही बंडी घेऊन उभे. आता ती गाडी बंद आहे, पण मूर्तिजापूरचं नाव घेतलं की माझ्या तोंडाला त्यांच्या डब्यातल्या अनारशांची चव येते.

यवतमाळला १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. देशभरातले विद्यार्थी असत. नाताळला ज्यांना घरी जाता येत नसे त्यांतला एखादा आई जेवायला बोलावून आणायचीच. नागालँडचा असो की केरळचा, तिखट वांग्याची भाजी सगळ्यांना सारखीच वाढली जाई.

वसईची_सून | १८ नोव्हेंबर

ताई, मी तुमच्या त्या वहिनींच्याच जागी आहे. माहेर वसई, सासर दर्यापूर तालुका.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला मला सर्वांत जास्त आठवण आली ती चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साची (उपासनेची) आणि येशूजन्माच्या गोठ्याची. सासरच्या मंडळीत दोन्ही नव्हतं. त्यांचा नाताळ २५ च्या सकाळच्या उपासनेचा. कोणी मला वाईट वागवलं नाही, पण माझं काहीतरी राहून गेलंय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सासऱ्यांना मात्र कळलं. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः विचारलं, "तुमच्याकडे तो गोठा कसा करतात?" आम्ही दोघांनी ओसरीत बसून केला. छप्पर तुराट्यांचं, खाली कुटार, गव्हाणीला जुनं सूप. बैल पोळ्याचेच मातीचे घेतले. आता घरातल्या सगळ्या पोरांना तो गोठा हवाच असतो.

गोठ्याची रीत संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात सुरू केली. त्यांनी गव्हाणीत गवत घालून खरे बैल आणि गाढव उभे केले होते, लोकांना तो जन्म डोळ्यांनी दिसावा म्हणून. आपल्या गावात तर बैल दाराशीच आहेत. तुमच्या वहिनींना गोठ्याचं काम द्या आणि मदतीला लेकरं द्या. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत ठेवायची नाही, गव्हाणी रिकामी राहते. कोणी ठेवायची यावर आमच्याकडे भांडण होतं, म्हणून सर्वांत धाकट्याचा मान ठरलाय.

मिस्साला त्यांना जायचं असेल तर गाडीची सोय आधी करा. अमरावतीला १९५५ पासून आमचा धर्मप्रांत आहे, जवळच्या केंद्रावर मिस्सा किती वाजता आहे ते विचारून ठेवा. रात्री परत यायचं तर धुकं असतं. सोबत कोणीतरी पुरुषमाणूस जागा राहील असं पाहा.

मोठीसून | १९ नोव्हेंबर

सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं. आता मी जे लिहिते ते काकांना नक्की वाचून दाखवा.

२५ ला सकाळी उपासना असते. घरात पंचवीस-तीस माणसं. चहा, नाश्ता, आंघोळीचं पाणी, दुपारचा स्वयंपाक. चर्चची घंटा होते तेव्हा पुरुष आणि लेकरं नव्या कपड्यांत रस्त्याला लागतात, आणि सुना चुलीपाशी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून कित्येक नाताळ मी उपदेश ऐकलेला नाही. शेवटच्या गाण्याला पदर सावरत मागच्या बाकावर जाऊन बसायचं. वर्षाचा सर्वांत मोठा दिवस आणि घरातल्या निम्म्या बाया तो चुलीच्या धुरात काढतात. हे बदलल्याशिवाय "सगळं खटलं एकत्र" म्हणण्यात मला अर्थ दिसत नाही.

आमच्याकडे आता असं आहे. दुपारचा स्वयंपाक पुरुष करतात आणि तयारी २४ च्या रात्रीच होते. कांदा-लसूण सोलून, मसाला भाजून वाटून, तांदूळ निवडून. सकाळी फक्त चहा आणि रात्रीच केलेला फराळ. दोन पुरुष पहाटेच्या प्रार्थनेला जातात आणि उपासनेच्या वेळी चुलीवर थांबतात. ते पाळीपाळीनं, दरवर्षी वेगळे दोघे. पहिल्या वर्षी सासूबाई रुसल्या होत्या. आता त्या सर्वांच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसलेल्या असतात.

मोर्शीवाला | १९ नोव्हेंबर

मोठीसून ताई, एकदम बरोबर. आमच्या घरी मटण माणसंच करतात, पण सकाळचं मी कधी इचार केला नाई. आज घरी बोललो.

अचलपूरची_लेक | १९ नोव्हेंबर

ताई, वाचून दाखवलं. मोठीआई गप्प ऐकत होत्या, मग काकांना म्हणाल्या, "ऐकलं ना?" काकांनी धाकट्या काकांचं आणि स्वतःचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. यंदाचे चुलीवरचे दोघे ठरले.

आता अवघड प्रश्न. मटण करायचं की नाही? एक मत असं की विहीणबाई येणार आहेत तर २५ ला घरात पूर्ण शाकाहारी करावं, मटण २६ ला. दुसरं मत, मटणाच्या रश्शाशिवाय नाताळ म्हणजे काय!

जुना_यवतमाळकर | १९ नोव्हेंबर

माझं मत स्पष्ट आहे. २५ च्या पंगतीत जे वाढायचं ते सगळ्यांना खाता आलं पाहिजे. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी. आपल्या भागातली पंगत अशीच असते, तिला कमी समजू नये. मटण २६ ला करा, सकाळपासून रात्रीपर्यंत खा.

अंजनगावकर | १९ नोव्हेंबर

यवतमाळकर काकांचा मान राखून वेगळं सांगतो. माझी बायको महानुभाव घरातली. रिद्धपूर तिचं आजोळ. तिच्या माहेरचे आमच्याकडे नाताळला येतात. त्यांनी स्वतः सांगितलं, "आमच्यामुळे तुम्ही तुमच्या सणाचं जेवण पुढं ढकलू नका, त्याचाच संकोच होतो." आम्ही एवढंच करतो. त्यांचा स्वयंपाक घरातल्या चुलीवर, मटण मागे गुरांच्या गोठ्याजवळ तीन दगडांवर. भांडी, पळ्या, वाढणारे हात वेगळे. शाकाहारी गंज (पातेली) आधी धुवून, आधी भरून, झाकून ठेवायचे. ओट्यावर एक पंगत त्यांची आणि सोबत आमच्यातले जे त्या दिवशी मटण खात नाहीत ते. आमचे वडील मुद्दाम तिथे बसतात. त्यामुळे ती पंगत वेगळी काढल्यासारखी वाटत नाही.

नाताळ गुरुवारी आला की आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेजारच्या पुष्कळ घरांत गुरुवार पाळतात, काही वर्षी मार्गशीर्षातला गुरुवारही निघतो. शेजारच्यांना द्यायचा फराळ अशा वेळी बिनअंड्याचाच ठेवा.

माप हवं असेल तर, हाडासकट मटण किलोला पाच माणसं धरा. सोबत भाकर आणि भात दोन्ही असेल तर सहा.

मोठीसून | २० नोव्हेंबर

अंजनगावकर भाऊंचं पटतं, पण विहीणबाईंना कोणी आधी विचारलंय का? फोन करा. आपण इथं कितीही ठरवलं तरी त्यांचा जीव कशात आहे ते त्याच सांगतील.

अकोल्याचा_जावई | २१ नोव्हेंबर

मी बौद्ध, सासर ख्रिस्ती, बाळापूर तालुका. तुमच्या चुलत बहिणीच्या यजमानांच्या वतीनं नाही, माझ्यापुरतं लिहितो.

सुरुवातीची वर्षं मला सासरी फार मान मिळाला. खुर्ची, टॉवेल, "जावईबापू, तुम्ही बसा." त्या मानाखाली मी अवघडून जायचो. सगळे राबतायत, गातायत, एकमेकांना हाका मारतायत, आणि मी मोबाइल बघत बसलेलो. एका वर्षी मोठ्या मेहुण्याने मला न विचारता बादली हातात दिली, "भाऊजी, टाकी भरा." त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो. आता पाण्याचं खातं माझं. टाकी, पंगतीचं पाणी, आंघोळीच्या पाण्यासाठी चुलवण पेटवणं. पहाटे चारला मी उठतो.

आमचा कार्यक्रम २५ ला संध्याकाळी वस्तीतल्या विहारात असतो. सासऱ्यांनी दुपारची पंगत एक तास अलीकडे घेतली, मला कधी बोलून दाखवलं नाही. दोन वर्षांनी ते स्वतः कार्यक्रमाला येऊन मागे सतरंजीवर बसले. पुढच्या वर्षी मेहुणे आले. मी त्यांच्या उपासनेला बसतो, गाणी मला पाठ झाली आहेत, प्रार्थनेच्या वेळी मी शांत बसतो आणि मला कोणी काही विचारत नाही. हे न विचारणं फार मोठं आहे. तुमच्या काकांना एवढंच सांगा, त्यांना काम द्या आणि संध्याकाळची गाडी मोकळी ठेवा.

अचलपूरची_लेक | २१ नोव्हेंबर

भाऊ, तुमची पोस्ट मी बहिणीला पाठवली. तिचा रडवेला फोन आला. कार्यक्रम परतवाड्याला आहे, आमच्या गावाहून जवळ. काकांची जीप संध्याकाळी त्यांच्यासाठी ठेवली आहे आणि आजी म्हणते मीही जाणार.

विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मागे मटण शिजलं तर मला काही नाही, वास स्वयंपाकघरात नको. आणि पोळ्या मी लाटणार.

चांदणीवाला | २३ नोव्हेंबर

ताई, चांदणी विकतची आणू नका. घरात एवढे हात आहेत तर एक मोठी चांदणी करा. कृती देतो.

बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या, प्रत्येकी दोन हात. पाच कामट्या एकमेकींवरून नेऊन पाच टोकांची चांदणी बांधायची, जिथं जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं सुतळीचा आटा. तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं घट्ट बांधा. आता मध्ये जिथं कामट्या छेदतात त्या पाच जागी वीतभर लांबीच्या पाच काड्या दोन्ही चांदण्यांच्या मध्ये उभ्या ठोका. चांदणीचं पोट फुगतं आणि ती भरीव दिसते. काडी बसताना टोकाची गाठ सुटते, म्हणून गाठी ओल्या सुतळीच्या घाला, वाळल्यावर आवळतात.

पतंगी कागद मैद्याच्या खळीनं लावा. खळीत चिमूटभर मोरचूद घातला तर झुरळं कागद खात नाहीत, फक्त लहान लेकरांना त्या भांड्यापासून लांब ठेवा, विषारी असतो. खालचा एक त्रिकोण उघडा सोडा, तिथून दिवा आत. पूर्वी पिवळ्या बल्बनं कागद करपायचा, एलईडीला ती भीती नाही. दवानं कागद सैल पडतो, म्हणून उघड्यावर लावायची असेल तर वरून झिलेटिनचा थर द्या. लांब बांबूला बांधून निंबाच्या शेंड्याला लावली तर वावरातून दिसते.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी लावायची म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी. तुमचे पाहुणे तेव्हा नसतील, तर काकांना साधी लावू द्या आणि ही मोठी २४ ला चढवा.

भट्टीवाली_मावशी | २४ नोव्हेंबर

केकचं कोणी लिहिलंच नाही! आमचं बेकरीचं घर, तालुक्याच्या गावी. नाताळाआधीचे दोन-तीन दिवस ख्रिस्ती घरांचे डबे आमच्या भट्टीत येतात, माझ्या सासऱ्यांपासून चालू आहे. आम्ही मुसलमान, पण नाताळाचा वास आधी आमच्या घराला लागतो.

पाव आणि टोस्ट निघाले की लाकडं ओढून घेतात. भट्टी तेव्हा फार कडक असते, त्यात केक घातला तर वरून काळा आणि आतून कच्चा. थोडी उतरू द्यायची. मूठभर मैदा तळावर टाकतात. लगेच जळला तर थांबा, हळूहळू बदामी झाला तर डबे घाला. डब्यावर कागदाची चिठ्ठी लावून पाठवू नका, जळते आणि मग कोणाचा डबा कोणाचा ते कळत नाही. खिळ्यानं डब्याच्या बाजूला नाव कोरून आणा.

प्रमाण सोपं. मैदा, साखर, लोणी आणि अंडी सारख्या वजनाची. किलोला साधारण वीस अंडी. तुमच्याकडे संत्री आहेतच. सालीच्या आतला पांढरा भाग खरवडून बारीक काप करा, तीनदा पाणी बदलून उकळा म्हणजे कडूपणा जातो, मग साखरेच्या पाकात आटवा. विकतच्या टुटीफ्रुटीपेक्षा कितीतरी चांगलं लागतं.

विहीणबाईंसाठी बिनअंड्याचा रव्याचा केक घरीच करा, दही आणि खाण्याचा सोडा घालून. मोठ्या गंजात दोन बोटं वाळू, ती चांगली तापवून त्यात लोखंडी कडं, त्यावर डबा, वर झाकण आणि झाकणावर थोडे निखारे. भट्टीत अंड्याच्या केकाशेजारी पाठवू नका, त्यांच्या मनात शंका राहील.

अचलपूरची_लेक | २४ नोव्हेंबर

मावशी, तुमचे खूप आभार. साली आजच उकळायला घेतल्या.

अंजनगावकर | ३० नोव्हेंबर

गायनफेरीबद्दल. आमची मंडळी लहान आहे, तरी डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की रोज रात्री फेरी असते. पेटी पट्ट्यानं गळ्यात, ढोलकी, टाळ, खंजिरी. ती ख्रिस्ती घरांपुरती असती तर तासात आटोपली असती, पण गावातली इतर घरंही वाट पाहतात. पाटलांच्या वाड्यात चहा, सोनाराकडे गूळ-शेंगदाणे, एका आजीबाई दरवर्षी मुलांच्या हातात तिळाची चिक्की देतात.

ज्या घरात वर्षभरात माणूस गेलंय तिथं आम्ही पहिल्यांदा जातो. तिथं ढोलकी वाजवत नाही. एक गाणं, एक प्रार्थना, थोडा वेळ बसायचं. त्या घरची माणसं नंतर पुढच्या घरांना आमच्यासोबत येतात.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी ते गेले. आपला अमरावती जिल्हा, त्यामुळे गावोगाव सकाळी झाडू निघतात. आमचे तरुण त्यात असतातच. गल्ली झाडून झाली की संध्याकाळी त्याच गल्लीतून गायनफेरी.

एक व्यवहाराची गोष्ट. माइक लावणार असाल तर रात्री दहानंतर बंद. बाहेरगावचे नातेवाईक फेरीत असतील तर पोलीस पाटलांना आधी सांगा. हल्ली कोणी नवखं चारचौघांत दिसलं की काही ठिकाणी उगाच चौकशा होतात. गावातल्या प्रतिष्ठित माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, एका रात्री सोबत घ्या. आमच्याकडे उपसरपंच स्वतः टाळ धरतात.

जुना_यवतमाळकर | ३० नोव्हेंबर

कोणाच्या मंडळीत जायचं हा प्रश्न निघेल, तो आधीच मिटवा. वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊ शकतात त्याला नागपूरच साक्षी आहे, सीएनआयची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला तिथंच झाली. अलायन्स, नाझरीन, मेथडिस्ट, जो जिथला असेल त्यानं त्या दिवशी गावातल्या मंडळीत बसावं. गावच्या पाळकसाहेबांना आधी कळवा. एवढी माणसं वाढली तर बाकं पुरणार नाहीत, सतरंज्या लागतील. आणि दानाच्या थैलीत शहरातल्यांनी त्या दिवशी हात सैल सोडावा. लहान गावातल्या मंडळीचं वर्षाचं बरंच काही त्यावर चालतं.

मोठीसून | ४ डिसेंबर

खर्चाचं काय ठरलं?

अचलपूरची_लेक | ५ डिसेंबर

ताई, नोकरीवाल्या घरांनी रोख द्यायचं, कमाईप्रमाणे. गावातल्या दोन्ही काकांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. त्यांनी घर, धान्य, दूध, सरपण आणि वर्षभर आजीला दिलंय. मोठ्या काकांनी खूप वाद घातला. कापूस अजून विकला नाही, भावाची वाट पाहतायत, आणि तरीही बकरा मीच घेणार म्हणत होते. पुण्याच्या दादानं फोनवर ठामपणे सांगितलं, "काका, तुम्ही जागा धरून ठेवली म्हणून आम्ही येतोय." तेव्हा मान्य झाले.

गाद्या, रजया, मोठे गंज परतवाड्याच्या बिछायत केंद्रातून सांगितलेत. म्हाताऱ्या माणसांची झोपायची सोय आतल्या खोलीत, बाकी सगळे माडीवर. आजीच्या खोलीत शेगडी ठेवायला मोठीआई तयार नाही, बंद खोलीत कोळशाचा धूर जीवघेणा असतो. गरम पाण्याच्या पिशव्या घेतल्यात.

कामं लावून झाली. गोठा वसईच्या वहिनीकडे. पोळ्या विहीणबाई आणि आतेबहीण. पाणी आणि चुलवण भाऊजींकडे (चुलत बहिणीचे यजमान), त्यांनी स्वतः मागून घेतलं. चांदणी नागपूरची पोरं. बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायाचं वाचन आजी करणार. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, तरी ग्रंथ समोर उघडाच हवा, वाचते मात्र पाठच. उपासनेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे मिळून कबरस्तानात जाऊन आजोबांच्या कबरीला चुना लावणार. मागच्या पावसाळ्यात बाजूची माती खचलीय, ती भरायची आहे. घमेली-फावडी काकांकडे आहेत.

एक अडलंय. संत्री आमच्याकडे यंदा कमी. बाग म्हातारी झालीय, गळही फार झाली. शेजारच्या प्रत्येक घरी फराळाच्या ताटात संत्र्याची जोडी ठेवायची आजीची रीत आहे.

मोर्शीवाला | ५ डिसेंबर

ताई, त्याची चिंता करू नका. आमची आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू हाये. दोन कॅरेट पाठवतो, बारीक पण गोड माल. २३ तारखेले सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ देतो, चांदूर बाजारवरून गाडी परतवाड्याले येते. स्टँडवर कोणाले तरी उभं ठेवा. पैशाचं बोलू नका. फक्त रिकामे कॅरेट परतीच्या गाडीत टाका, तोडीले लागतात.

अचलपूरची_लेक | ५ डिसेंबर

भाऊ, स्टँडवर भाऊजी येतील. त्यांच्याजवळ तुमच्यासाठी केकचा डबा असेल, तो त्याच कंडक्टरकडे देते. डब्यावर खिळ्यानं "मोर्शी" कोरलेलं असेल.